दोन ओंडके

चिलोएच्या बेटावर लाकूड वाळायला वेळ लागतो.
इथे पाऊस सुट्टी घेत नाही.
अकरा वर्षं मी दोन ओंडके छपराखाली ठेवले,
बावीस हात लांब, सरळ, गाठ नसलेले.
आजारी माणसाला देतात तशी
अधूनमधून त्यांना कूस बदलून दिली.
एकाचा होणार होता माझ्या नावेचा कणा,
दुसऱ्याच्या फळ्या.

रोज रात्री मागायचो, देवा, नाव होऊ दे.
आणि शेवटी, तुझी इच्छा असेल तर.
ते मी असं म्हणायचो
जसं अर्जाच्या तळाशी लिहितात, आपला नम्र.
कोण वाचतं ते?

त्या हिवाळ्यात समुद्र एदेल्मीराच्या अंगणाचे घास घेऊ लागला.
आधी बटाट्याचा वाफा, मग कुंपण,
मग कोंबड्यांचं खुराडं.
एदेल्मीरा चिगुआय. तीच, जिच्या नवऱ्याने
माझ्या बापाची मेंढी आपण खाल्ली नाही
अशी चर्चमध्ये शपथ घेतली, मिशीला चरबी असताना.
नवरा गेला. मेंढी तर केव्हाच गेली होती.
राग मात्र मी ओंडक्यांच्या शेजारीच
नीट वाळवून ठेवला होता.

पाद्री आमच्याकडे वर्षातून दोनदा येतो, होडी मिळाली तर.
एरवी म्हातारा अर्सेनियो प्रार्थना सांगतो.
त्या रविवारी आमेन झाल्यावर तो म्हणाला,
"शनिवारी भरतीला मिंगा आहे.
एदेल्मीराचं घर टेकडीवर न्यायचंय.
बैल आहेत, दोर आहेत, माणसं आहेत.
घराखाली घालायला दोन लांब ओंडके हवेत."

कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.
अख्खं चर्च इतकं न बघता माझ्याकडे बघत होतं
की मान भाजली.

मी वर पाहिलं, क्रुसावरच्या त्याच्याकडे.
आमच्याच बेटावर कोरलेला, आमच्याच सायप्रसचा,
हात जरा आखूड, कारण कोरणाऱ्याला लाकूड पुरलं नाही.
म्हटलं, तू मागितलं असतंस तर दिलं असतं.
वेदीसाठी, घंटेच्या मनोऱ्यासाठी,
खाली बारीक अक्षरांत माझं नाव घालून.
तिला कशाला पुढे केलंस?
तो काही बोलला नाही.
आखूड हात तसेच पसरलेले.

दिले. चांगल्या मनाने दिले, असं मात्र कोणी सांगू नये.
शुक्रवारी रात्री कंदील घेऊन ओंडक्यांपाशी बसलो
आणि ते शेवटचं वाक्य
पहिल्यांदाच आधी म्हटलं.
मग पुढे मागायला काही सुचेना.

शनिवारी खिडक्या काढलेलं घर
डोळे मिटल्यासारखं खाडीत उतरलं,
चार बोटींमागे तरंगत पलीकडे गेलं.
तिथून सोळा बैल, चिखल, चढ, आणि आम्ही.
दोरावर मी कितवा होतो आठवत नाही.
पुढे कोणाची तरी पाठ, मागे कोणाचा तरी श्वास.
एकदम ओढलं की घर हलायचं, वीतभर,
माझ्या जोराने नाही,
माझ्या जोराशिवायही नाही.

शेवटच्या चढाला एक ओंडका उभा चिरला.
बाकीच्यांना वाटलं, दगड फुटला.
मी आवाज ओळखला.

रात्री एदेल्मीराने सगळ्यांना जेवू घातलं.
बटाट्याच्या भाकरी, सफरचंदाची दारू.
माझ्या ताटात तिने सगळ्यात मोठा तुकडा टाकला.
मेंढीचा होता.
तीही काही बोलली नाही, मीही नाही.
हाडापर्यंत खाल्ला.

आता तिचं घर माझ्या वरच्या अंगाला आहे
आणि वारा फिरला की तिच्या चुलीचा धूर माझ्या खिडकीत.
एक ओंडका परत आला, अंगावर दोराचे वळ घेऊन.
त्याची नाव लहानच होईल.
दोन माणसं, एक जाळं, थोडे मासे.
अजूनही रोज रात्री मागतो,
फक्त वाक्यं उलटी झालीत.
कधी कधी पहिल्यावरच झोप लागते,
नावेपर्यंत पोचतच नाही.